पोटातली बुरशी आणि गोखिवऱ्यातली आमची लॅब

लॅबमधल्या प्रत्येक गोष्टीला मुदत असते. लघवीचा नमुना दोन-चार तास, रक्ताची ट्यूब आठवडाभर, कल्चरची प्लेट रिपोर्ट गेल्यावर आणखी थोडे दिवस. मुदत संपली की सगळं नष्ट करायचं. किश्श्यांवर मात्र कोणी तारीख टाकत नाही, त्यामुळे ते फेकायचे कधी हेच कळत नाही. फ्रीज दर शनिवारी रिकामा होतो, डोकं होत नाही.

आमची लॅब गोखिवऱ्यात, एका गाळ्याच्या वर. खाली पत्र्याचे डबे बनतात, म्हणजे दिवसभर ठोकठोक. मी मायक्रोबायोलॉजीची टेक्निशियन, वीस वर्षांच्या वर झाली. सगळे मला विजूताई म्हणतात. आमच्या मुख्य ग्लोरिया मॅडम, एम.डी., राहणार वसई गाव, बोलणं मोजकं. आणि घरोघरी जाऊन रक्त घेणारा प्रकाश. नायगावपासून विरारपर्यंत स्कूटरवर फिरतो. माणसाचं नाव विसरेल, शीर विसरणार नाही!

माझं काम सोपं करून सांगते. गोल चपट्या डबीत जेलीसारखं खाद्य असतं. त्यावर पेशंटचा नमुना फिरवायचा, डबी उबदार पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. ह्यालाच कल्चर म्हणतात आणि त्या डबीला प्लेट. कधी बॅक्टेरिया, कधी बुरशी. बुरशी म्हटलं की लोकांना लोणच्यावरची आठवते. आमच्याकडे येते ती बहुतेक वेळा कॅन्डिडा. बहुतेकांच्या पोटात ही असतेच आणि मुकाट असते. आजूबाजूचे बॅक्टेरिया तिला मुकाट ठेवतात, तोवर ठीक.

* * *

माझा इंटरव्ह्यू पाच मिनिटांत संपला होता. मॅडमनी माझे मार्क पाहिले नाहीत. एक प्लेट पुढे केली. पांढरट, मलईसारखे ठिपके.

"वास घे."

आता हे बंद आहे, प्लेट नाकाजवळ न्यायची नाही हा नियम आहे. तेव्हा सगळे घ्यायचे. मी घेतला.

"काय वाटतं?"

मी खरं ते सांगितलं. "सकाळी उतरवलेली ताडी दुपारपर्यंत ठेवली की येतो, तसा वास आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "घरात कोणी घेतं?"

"नाही, शेजारी."

"उद्यापासून ये," मॅडम म्हणाल्या. "शेजाऱ्यांना थँक्स सांग."

* * *

सावंत नावाचे एक फिटर होते, जवळच्याच कारखान्यातले. पोट बिघडलं म्हणून तपासणी केली होती. रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती, यीस्ट सेल्स दिसल्या. ती ओळ त्यांनी मोबाईलवर शोधली आणि जेवणाची सुट्टी सोडून जिना चढून आले.

"मॅडम, माझ्या पोटात बुरशी आहे!"

"असते," मॅडम म्हणाल्या.

"अहो, बुरशी!"

"सगळ्यांच्या असते. थोडी असली तर काही करायचं नसतं. तुमचं पोट बिघडलं ते पाण्यामुळे. पाणी उकळून प्या."

सावंतांनी जरा विचार केला. "सगळ्यांच्या म्हणजे... ह्या ताईंच्या पण?"

"हिच्या पण."

"तुमच्या पण?"

"माझ्या पण."

सावंतांनी आपली खुर्ची सावकाश उचलली आणि दोन फूट मागे नेऊन ठेवली.

* * *

विरारचे जाधव सर हायस्कुलातून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढे. जुन्या शिक्षकांची सहल चिंचोटीच्या धबधब्यावर गेली. सर सगळ्यांत जास्त भिजले आणि खोकला घेऊन आले. डॉक्टरकडे गेले नाहीत. घरात मागच्या वर्षीची चिठ्ठी होती, त्यावरचं अँटिबायोटिक आणलं. खोकला राहिला. मग त्याच्या आदल्या वर्षीची चिठ्ठी शोधली. मग शेजाऱ्यांची!

प्रकाश शुगरसाठी रक्त घ्यायला गेला तेव्हा सरांच्या बाईंनी दारातच त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, पंधरा दिवस झाले, हे माझ्याशी बोलत नाहीत. ताटातली आमटी सारून ठेवतात. मी काय केलं ते तरी सांगा म्हटलं, तर तोंड फिरवतात."

सर खुर्चीत बसून होते. प्रकाश म्हणाला, "सर, जरा तोंड उघडा."

सरांनी उघडलं. जीभ, टाळू, गाल, आतून सगळं पांढरं. दही फासल्यासारखं. माणसाला गिळता येत नव्हतं, बोलणार कुठून? आणि बाईंना सांगायचं तर चोरून घेतलेल्या गोळ्यांचं सांगावं लागलं असतं.

कल्चरला कॅन्डिडा आली. शुगरही वाढलेली, तेही एक कारण. सर स्वतः रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मॅडमनी त्यांना समजावलं.

"सर, तुमच्या सोसायटीत पार्किंगचं कसं आहे?"

सरांनी कपाळाला हात लावला. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"तुमच्या तोंडात, पोटात बॅक्टेरिया आपापल्या जागा धरून बसलेले असतात. म्हणून बुरशीला पसरायला जागा मिळत नाही. तुम्ही तीनदा अँटिबायोटिक घेतलं. खोकल्याला त्याचा उपयोग नव्हता, पण बॅक्टेरिया जागेवरून उठले. बुरशीवर ते औषध चालत नाही, ती राहिली. सगळं पार्किंग मोकळं!"

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि रिपोर्टच्या पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "म्हणजे कमिटी बरखास्त, प्रशासक हजर."

औषधाने दहा-बारा दिवसांत तोंड साफ झालं, शुगरही ताब्यात आली. त्यानंतर बाईंचा लॅबला फोन आला. मीच घेतला.

"ताई, आता बोलतात बरं का."

"अरे वा!"

"हो. सकाळी सहापासून बोलतात. थोडं कमी होईल असं काही आहे का तुमच्याकडे?"

* * *

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगते.

वसईतली एक मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिला अंगावरून पांढरं जाणं, खाज, हे पुन्हा पुन्हा होत होतं. दर वेळी कल्चरला कॅन्डिडा. दर वेळी औषध, दर वेळी आराम, आणि महिन्याभराने परत हजर. चौथ्या वेळी ती आली तेव्हा सासू बरोबर होती. सासू बाहेर बाकावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "हिला हे कुठून लागलं ते लिहून द्या. आमच्या घरात कोणाला नाही."

मुलगी खाली बघत राहिली. तिने बोटांनी ओढणीचं टोक इतकं पिळलं होतं की मला तिच्या हातांकडे बघवेना.

मॅडमनी दोघींना आत बोलावलं. मला वाटलं होतं, त्या मुलीशी बोलतील. त्या सासूशी बोलल्या.

"सर्दी झाली की तुमच्याकडे काय करतात?"

"गोळी देते मी," सासू म्हणाली. जरा अभिमानानेच. "माझ्याकडे डबा आहे. बिस्किटांचा. सगळं असतं त्यात. आमच्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नाही."

"हिला पण देता?"

"मग? परकी आहे का?"

"किती वेळा?"

सासूने आठवून सांगितलं. सर्दीला, घशाला, पोटात दुखलं तेव्हा, आणि ह्या खाजेवरसुद्धा! दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर डबा घेऊन आली. मी उघडून बघितला. निम्म्याहून जास्त पाकिटं अँटिबायोटिकची.

मॅडमनी शांतपणे सांगितलं. ही बुरशी हिला बाहेरून कोणी आणून दिलेली नाही. ती हिच्याच पोटातली, हिच्याच अंगावरची. तिला आवरणारे चांगले बॅक्टेरिया तुमच्या डब्याने मारले. मुलीत काही खोट नाही.

सासूने डब्याचं झाकण लावलं. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "डबा विहिरीत टाकते मी."

"विहिरीत नको!" मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "तिथे मासे आहेत. त्यांना पण तुमच्या गोळ्या का?"

मुलगी हसली. इतक्या महिन्यांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले. डबा आम्हीच ठेवून घेतला. त्यानंतर ती एकदाच आली, नऊ महिन्यांनी, वेगळ्या तपासणीसाठी. बरोबर सासू. पाण्याची बाटली सासूच्या हातात होती.

* * *

नंदाखाल गावचे एक बागायतदार, सगळे त्यांना दादा म्हणत. पायाच्या जखमेसाठी बरेच दिवस अँटिबायोटिक घ्यावं लागलं होतं आणि त्यांच्या डॉक्टरने सोबत प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या होत्या. त्याच दाखवायला ते आमच्याकडे आले, सोबत केळ्यांची फणी.

"मॅडम, ह्या पुडीत काय आहे?"

"जिवंत जंतू. चांगले."

"म्हणजे आधी गोळ्या घालून मारायचे, आणि मग पुडीतून परत आणायचे?"

"तसंच काहीसं."

"तेच परत येतात का?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. "नाही. पुडीत दोन-चार जातींचे असतात, पोटात शेकडो असतात. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. मी गॅरंटी देणार नाही."

दादांनी मान हलवली. "आमच्या बागेत तसंच झालं. केळीच्या मुळांना रोग आला म्हणून मी जमिनीत औषध ओतलं. भरपूर. तो रोग गेला. पण पुढच्या हंगामात दुसरीच बुरशी आली, जी आमच्या वडिलांनी कधी पाहिली नव्हती. मातीत तिला खाऊन टाकणारे जे होते, ते पण मीच मारले होते ना! मग शेणखत घातलं आणि गप्प बसलो. तीन वर्षं लागली माती परत यायला."

दादा गेल्यावर मॅडम केळं सोलत मला म्हणाल्या, "विजू, एम.डी.ला मला पण तीन वर्षंच लागली. आणि मला बाग नव्हती."

* * *

अर्नाळ्याच्या लक्ष्मीबाई मासळी विकायच्या. दोन्ही हातांची बोटांमधली कातडी पांढरी पडून सोललेली. दाढेसाठी अँटिबायोटिक घेत होत्या आणि हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात. पोटातली शिस्त बिघडलेली आणि कातडी भिजलेली, बुरशीला आणखी काय पाहिजे?

मॅडम म्हणाल्या, "औषध लावा. पण हात कोरडे ठेवायचे. पाणी नाही."

"पानी नाय?" लक्ष्मीबाईंनी दोन्ही हात वर केले. "मग म्हावरा काय चमच्यान विकू?"

शेवटी तोड निघाली. महिनाभर सुनेने मासळी हाताळायची आणि लक्ष्मीबाईंनी बाजूला कोरड्या हातांनी बसायचं. तपासणीला सून बरोबर आली होती. मी विचारलं, "कसं चाललंय?"

सून म्हणाली, "हात बरं झालं त्यांचं. आता सगला जोर तोंडात आलाय."

* * *

मॅडमना एकदा चर्चच्या हॉलमध्ये भाषणाला बोलावलं. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर, विषय 'पोट आणि आरोग्य'. प्रकाश आणि मी पहिल्या रांगेत.

मॅडमनी छान सांगितलं. पोटातले बॅक्टेरिया काय करतात, त्यांना डाळी-भाज्यांतला चोथा कसा लागतो, तो खाऊन ते जी आम्लं सोडतात त्यामुळे बुरशीला डोकं वर काढणं कसं जड जातं. लोक मन लावून ऐकत होते. मग प्रश्न सुरू झाले. एका बाईंनी विचारलं, "डॉक्टर, पावात यीस्ट असतं. मग पाव खाल्ला की पोटातली बुरशी वाढते ना? मी व्हिडिओत बघितलं. आम्ही घरात पाव बंद केलाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पाव बंद! वसईत!

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं. आणि भट्टीत गेल्यावर ते मरतं. निरोगी माणसाने पाव खाल्ल्याने त्याला कॅन्डिडाचा आजार होत नाही."

मागच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ ताडकन उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण.

"डॉक्टर!" ते ओरडले. "हे जरा माईक जवळ घेऊन परत सांगा!"

त्यांची बेकरी होती.

* * *

आता पास्कल काकांचं.

पास्कल काका पाचूबंदरचे. सगळं आयुष्य होडीवर गेलं. आतड्याला भोक पडलं म्हणून तातडीने ऑपरेशन झालं आणि आयसीयूत ठेवलं. पोटातलं पू-रक्त सगळं पसरलेलं, त्यामुळे एकामागून एक तीन जबर अँटिबायोटिक्स. ती दिली नसती तर पहिल्याच आठवड्यात गेले असते, हे मॅडम नेहमी आधी सांगतात, आणि मग पुढचं. दोन आठवडे सलाईनवरच. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी. ताप उतरला होता, तो परत चढला.

रक्ताच्या बाटल्या आमच्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मशीनने आवाज दिला. एका बाटलीत काहीतरी वाढत होतं. मी थेंब काचेवर घेतला, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली धरला. बॅक्टेरिया असणार असं समजून बघत होते. दिसले ते मोठे, अंडाकृती, जांभळे, एकेकाला बाजूला कोंब फुटलेला.

यीस्ट. रक्तात!

मी आयसीयूला फोन लावला. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, थकलेले.

"ताई, चार बाटल्यांतली एकच ना? काँटॅमिनेशन असेल, बाहेरून काही शिरलं असेल. उद्या दुसऱ्या काय सांगतात बघू."

"डॉक्टर, रक्तात यीस्ट मिळाली तर ती काँटॅमिनेशन धरायची नसते."

"सरांना विचारून सांगतो."

मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज नेहमीचाच, खालचा.

"दुसऱ्या बाटलीसाठी मी थांबायला तयार आहे. पेशंट तयार आहे का, ते विचारून सांगा."

दुपारी बुरशीचं औषध सुरू झालं. मानेतली नळी काढली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बाटल्यांनी आवाज दिला.

काकांची मुलगी मारिया रोज रक्ताची बाटली स्वतः घेऊन यायची. सांगितलं होतं तिला, की ही बुरशी त्यांच्या पोटातलीच आहे. बाकीचे बॅक्टेरिया औषधाने गेले, ती एकटी माजली, आणि शिवलेल्या आतड्यातून रक्तात उतरली. तिला ते सगळं पाठ झालं होतं. जिना चढून यायची आणि एकच विचारायची, "ताई, आज काय उगवलं?"

पाच दिवस मी सांगत होते, "उगवलंय." पुढचे दोन दिवस, "अजून बघायचंय."

आठव्या दिवशीही तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या मागच्या तिन्ही बाटल्या कोऱ्या आहेत."

ती "बरं" म्हणाली आणि खाली गेली. थोड्या वेळाने मी डबा खायला गॅलरीत आले तर ती जिन्यातच बसली होती. खाली पत्रे ठोकायचं चाललं होतं, त्या आवाजात मनसोक्त रडत होती. मी परत आत आले.

दोन-अडीच महिन्यांनी पास्कल काका स्वतः आले. अर्धे झाले होते. जिन्यात तीनदा थांबले. मारिया एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला. मॅडमसाठी सुकवलेले बोंबील आणले होते, कागदात बांधून. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले,

"मना मारायला आलेला तो कोन? मना बघायचाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बुरशी पुढच्या तपासणीसाठी आम्ही एका छोट्या ट्यूबमध्ये जपून ठेवली होती. तिची मुदत योगायोगाने त्याच आठवड्यात संपत होती. बूच घट्ट सील केलेलं होतं. मी ट्यूब हातमोज्यात धरून त्यांच्यासमोर उजेडात केली. तिरक्या जेलीवर पांढऱ्या मलईची एक रेघ. बाकी काही नाही.

काकांनी खूप वेळ पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"आनि हा माज्याच पोटातला?"

"हो, काका," मॅडम म्हणाल्या.

"कधीपासना होता?"

"नक्की नाही सांगता येणार. कदाचित लहानपणापासून."

"तवापासना काय तरास दिला नाय त्यानं?"

"नाही. बरोबरचे होते तोवर नाही."

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हनजे सत्तर वरसं एका होडीत होतो आम्ही."

मारिया खिडकीबाहेर बघत होती.

"आता ह्याचा काय करनार तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

मी कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हकडे बोट दाखवलं. मोठ्या प्रेशर कुकरसारखं ते यंत्र, वाफेच्या दाबाखाली आतलं सगळं मारतं. "ह्यात घालणार. आजच्याच लोडमध्ये."

काकांनी यंत्राकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं. टेबलाला धरून उभे राहिले. कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून त्यांनी क्रूस केला.

"थांब, बाय," ते म्हणाले. "मी आधी भायेर जातो. मग घाल."